हातावरचं दही

“पप्पा, पण पाणी परत मागं का येतंय?” केतकीनं विचारलं.

परसात दिगंबरनं पिंपात टुल्लू पंप सोडला होता. पंपापासून निघालेला पाइप बादलीत जात होता, पण मध्येच त्यानं एक आडवी रबरी नळी जोडून दिली होती आणि तिच्यातून निम्मं पाणी पुन्हा पिंपात पडत होतं. बादली काही भरत नव्हती. पंप नुसता घुमत होता.

“हेच तुझ्या छातीत झालंय,” दिगंबर म्हणाला. “बाळ पोटात असतं तेव्हा ही आडवी नळी लागते. जन्मल्यावर ती आपोआप बंद होते. तुझी बंद व्हायची राहून गेली.”

“मग पंपाला काय होतं?”

“तेच तेच पाणी परत उचलायला लागतं. लोड येतो. असाच चालवला तर एक दिवस जळंल की.”

मी ओसरीवरून डोळे मोठे केले. दिगंबरनं खाकरून घेतलं. “म्हणजे, दमतो. लई दमतो.”

केतकी सात वर्षांची होती. जिना चढताना तीसुद्धा लई दमायची, त्यामुळे हे तिला पटलं. “मग बंद करा की ती नळी,” ती म्हणाली.

त्यानं खिशातून सुतळी काढली, रबरी नळीला दोन वेढे दिले आणि कचकचून गाठ मारली. पिंपात पडणारी धार थांबली आणि बादलीत पाणी जोरात यायला लागलं. केतकी टाळ्या पिटत उठली. मी दिगंबरकडे बघत राहिले. डॉक्टरांनी मला अर्ध्या तासात जे समजावलं ते एरवी चार वाक्यं सलग न बोलणाऱ्या या माणसानं सुतळीच्या दोन वेढ्यांत सांगून टाकलं होतं.

“डॉक्टर पण असंच बांधणार?”

“असंच. सुतळी नाही, चांगला दोरा.”

“पंप चालू असताना?”

“पंप चालूच राहणार. तुला तेवढं गाढ झोपवणार, म्हणजे दुखणार नाही.”

“आणि परत उठवणार कोण?”

दिगंबरनं माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न आमच्या तयारीत नव्हता.

“डॉक्टरच उठवणार,” मी म्हणाले. “तू डोळे उघडशील तेव्हा मी समोर असेन.”

“नक्की?”

“नक्की.”

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. आम्ही तेव्हा आटपाडीला राहत होतो. दिगंबर बोअरच्या मोटारी बसवायचा आणि दुरुस्त करायचा, मी अंगणवाडी चालवायचे. घरात चौथ्या माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, तशा त्या माझ्या आत्या. केतकीला दोन वर्षांत तीनदा न्यूमोनिया झाला होता आणि नळी बांधण्याला आता उशीर करू नका असं मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. हे ऑपरेशन करणारे सर्जन मुंबईहून महिन्यातून एकाच रविवारी मिरजेला यायचे. मागच्या महिन्याची तारीख केतकीच्या तापानं घालवली होती. ही दुसरी होती आणि ती काहीही झालं तरी घालवायची नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

मी एकदा ठरवलं की घरातली मांजरंसुद्धा वाटेतून बाजूला होतात, असं दिगंबर म्हणायचा.

मागच्या खेपेला हॉस्पिटलमधल्या वयस्कर फिलोमिना सिस्टरनी मला एका बाजूला घेऊन सांगितलं होतं, “मुलीला जत्रेला नेतो, फिरायला नेतो असं सांगून आणू नका. एकदा फसवलं की ती नंतर गोळीसुद्धा गिळत नाही. जे होणार ते सांगा. घरातल्या सगळ्यांना तयार करा, एकट्या मुलीला नाही.” हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. घरी आल्या आल्या लसीकरणाच्या जुन्या तक्त्याच्या पाठीवर मी नियम लिहिले आणि स्वयंपाकघरात चिकटवले. पहिला नियम, केतकीशी खोटं बोलायचं नाही. दुसरा, ‘दुखत नाही’ आणि ‘काही होत नाही’ ही वाक्यं घरात बंद. तिसरा, भीती वाटली तर सांगायची, लपवायची नाही. चौथा, डॉक्टर आणि सिस्टर विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. पंपाच्या दिवसानंतर मी पाचवा घातला, तो फक्त दिगंबरसाठी: ‘जळंल’ हा शब्द वापरायचा नाही.

आत्यांना हे सगळं अजिबात पसंत नव्हतं.

“लेकराला कशाला सांगायचं गं सगळं?” त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. “आम्ही चार पोरं वाढीवली. अशा पाट्या नाही लावल्या कधी.”

“तुमच्या पोरांची छाती उघडायची नव्हती, आत्या.”

“बघ, कशी बोलतीस! अगं, घाबरंल ती. मावशीकडं मिरजेला जायचंय म्हणायचं, न्यायचं, झालं.”

“आणि तिथं सुई टोचली की? मावशी टोचतीय म्हणायचं?”

भाकरी जरा जोरातच तव्यावर पडली. महिनाभर आमचं हे असंच चाललं होतं. मी त्यांना माझ्या तयारीतली सगळ्यात मोठी अडचण समजत होते. ते मनात ठेवत होते असंही नाही, तोंडावर दाखवत होते.

ऑपरेशनच्या आठ दिवस आधी मी घरात उपाशी राहण्याची रंगीत तालीम घेतली. ऑपरेशनच्या दिवशी केतकीला पहाटेपासून काही खायचं-प्यायचं नव्हतं. तिला एकटीला उपाशी ठेवण्यापेक्षा सगळ्यांनीच राहायचं, म्हणजे तिला सवय होईल. रविवारी सकाळपासून दुपारी एकपर्यंत चूल बंद.

“एकादशीला निदान साबुदाणा तरी असतोय,” आत्या म्हणाल्या.

अकरा वाजता केतकी पळत आली. “आई, पप्पा मोटारीच्या मागं बसून चिवडा खातायत!”

दिगंबरला तक्त्यासमोर उभं करून तिनं पहिला नियम मोठ्यानं वाचायला लावला. हसून हसून आत्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मला मात्र फार बरं वाटलं, कारण पोरीनं नियम आपले मानले होते. तिला आता कोणी फसवू शकणार नाही, असं मला वाटलं.

आमच्या घरातून कोणी महत्त्वाच्या कामाला निघालं की आत्या त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवायच्या. परीक्षा असो, कोर्टाची तारीख असो, दिगंबर नवीन बोअरमध्ये मोटार सोडायला जाणार असो. एकदा तो घाईत तसाच गेला आणि सव्वाशे फुटांवर दोर सुटून मोटार बोअरमध्ये पडली. आत्या अजून त्या मोटारीचा विषय काढायच्या. मी असल्या गोष्टी मानत नाही, हे मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी जाहीर केलं होतं. हात मात्र पुढे करायचे.

शुक्रवारी आम्ही मिरजेला जाऊन दाखल झालो. रक्त काढताना केतकीनं दहा अंक मोजले, मग “सहापर्यंतच दुखलं” असं सिस्टरांना सांगितलं. फिलोमिना सिस्टर माझ्याकडे बघून हसल्या. मी त्या दिवशी सगळ्या वॉर्डात ताठ मानेनं फिरत होते.

रविवार उजाडला. यादीत केतकीचा नंबर पहिला होता, साडेआठचा. सर्जन आदल्या रात्रीच येऊन पोचले होते. दिगंबर रक्ताच्या बाटलीचा कागद घेऊन रक्तपेढीत गेला. केतकी हिरवा डगला घालून पलंगावर बसली होती. सात वाजता आत्यांनी पिशवीतून स्टीलचा लहानसा डबा काढला आणि आत काय आहे ते मला लगेच कळलं.

“आत्या, काय ठरलं होतं?”

“नुसतं बोटभर. हाताला लावायचं.”

“काही नाही म्हणजे काही नाही. पाणीसुद्धा नाही.”

मला वाटलं त्या वाद घालतील. पण त्यांनी डबा पलंगाशेजारच्या कपाटावर ठेवला. “राहिलं. तुझा नियम,” त्या म्हणाल्या आणि पदर सावरत खाली गणपतीच्या तसबिरीला हात जोडायला गेल्या.

मी जिंकले होते. खोलीत मी आणि केतकी दोघीच उरलो. बाहेरून एक ट्रॉली खडखडत गेली, पण ती आमच्यासाठी नव्हती. केतकीनं माझ्याकडे बघितलं आणि तळहात पुढे केला. निघताना पुढे करायची सवय होती, म्हणून केला.

“आई, दही?”

त्या क्षणाचं मला आजही स्पष्टीकरण देता येत नाही. महिनाभर मी कुठंही डगमगले नव्हते. सही करताना संमतीच्या फॉर्मवर जे लिहिलं होतं तेही मी शांतपणे वाचलं होतं. पण तो रिकामा हात बघितला आणि मला बोअरमध्ये पडलेली मोटार आठवली. हिला तसंच पाठवलं आणि काही झालं तर? मी दाराकडे बघितलं, डबा उघडला आणि तिच्या हातावर दही ठेवलं. एक चमचा, मग दुसरा, कारण पहिल्यात साखर आली नव्हती. तिनं हात चाटून साफ केला आणि पुन्हा पुढे केला. मी तिसरा दिला.

मग भानावर आले. डबा घाईघाईनं झाकला, तिचा हात पुसला. तीन चमच्यांनी काय होतंय, असं मी मनाला सांगितलं.

साडेसातला भूलतज्ज्ञ आल्या, डॉक्टर सरदेशमुख. बारीक चणीच्या, भराभरा बोलणाऱ्या. त्यांच्या मागोमाग आत्या आणि दिगंबरही आले.

“रात्रीपासून काही खाल्लं-प्यायलं?”

“काही नाही,” मी म्हणाले.

माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. डॉक्टरांनी कागदावर लिहायला पेन टेकवलं.

“खाल्लं,” केतकी म्हणाली. “दही-साखर. हातावर.”

पेन थांबलं. “कधी?”

“आत्ता.”

“कोणी दिलं?”

केतकीनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत आत्या पुढे झाल्या. “मी दिलं, डॉक्टरीणबाई. शकुनाचं. चुकलं माझं.”

“किती दिलं?”

“बोटभर. नुसतं चाटण्यापुरतं.”

डॉक्टर चिडल्या. पण घड्याळात बघून त्यांनी हिशेब केला. “बोटभर असेल तर एवढा प्रश्न नाही. दुसऱ्या नंबरला घेते, साडेदहाला. सलाईन लावते. आता पाण्याचा थेंबही नाही, समजलं?” त्या तरातरा निघून गेल्या.

दार बंद झालं आणि दिगंबर आत्यांवर फुटला. मी त्याला आईशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “महिनाभर ही ओरडून सांगतीय! एक दिवस तुला दम निघाला नाही? एक तारीख तापानं गेली, आता ही तू घालवणार होतीस!”

“चुकलं बाबा,” आत्या खाली बघत म्हणाल्या.

आणि मी गप्प उभी राहिले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटत होतं. तारीख वाचली होती, तास-दोन तासांचाच प्रश्न होता. आत्यांची माफी मी नंतर मागेन, ऑपरेशन झाल्यावर सगळं सांगेन, असं मी स्वतःला समजावलं. बोटभर आणि तीन चमचे यात फार फरक नाही, हेही समजावलं. लाज वाटत होती, पण तारखेची भीती लाजेपेक्षा मोठी होती.

सिस्टरनी सलाईन लावली. केतकीनं अंक मोजले नाहीत. सुई टोचली तरी ती छताकडे बघत होती. नऊ वाजून गेले, दिगंबर खिडकीत पाठ करून उभा होता, आत्या स्टुलावर. तेव्हा तिनं हाक मारली.

“आई.”

“काय गं?”

“मी परत उठणार, ते पण तसलंच आहे का?”

“तसलंच म्हणजे?”

“तू म्हणालीस काही खाल्लं नाही. आजी म्हणाली तिनं दिलं, बोटभर.” ती रडत नव्हती, खरोखरच विचारत होती. “मग मोठी माणसं कधी खरं बोलतात ते कसं ओळखायचं?”

दिगंबर वळला. आत्यांनी पटकन केतकीच्या पायावर हात ठेवला. “अगं, मीच दिलं, तुला आठवत नाही—”

“आत्या, पुरे,” मी म्हणाले.

माझं ठरलं होतं. मी दिगंबरकडे बघून बोलले, कारण तेच सगळ्यात अवघड होतं. “आत्यांनी नाही दिलं. मी दिलं. तीन चमचे. आणि डॉक्टरांशी खोटंही मीच बोलले.”

माझ्याकडे बघताना त्याचा चेहरा कोराच राहिला, आणि मग तो आत्यांकडे बघायला लागला.

मी केतकीच्या पलंगावर बसले. “मी घाबरले होते.”

“तिसरा नियम,” ती म्हणाली.

“हो. तिसरा नियम मोडला. पहिला आणि चौथा पण.”

“मग उठणार ते?”

नक्की, हा शब्द माझ्या जिभेवर होता. महिनाभर तो मी सोयीनं वापरला होता. “केतू, शंभर मुलांना असं झोपवलं तर अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव उठतात, असं डॉक्टरांनी मला सांगितलंय. तू उठशील असं मला वाटतं. मला भीतीपण वाटते. पण तू डोळे उघडशील तेव्हा मी समोर असेन, हे नक्की. कारण ते माझ्या हातात आहे.”

“आधी तू नुसतं नक्की म्हणाली होतीस.”

“ते जरा जास्तच बोलले.”

“मला गणितात ब्याऐंशीच होते,” ती विचार करून म्हणाली. “नव्व्याण्णव म्हणजे चांगलेच आहेत.” आणि मग तिनं खालचा ओठ दुमडला, “पण मला पण भीती वाटते,” असं म्हणाली आणि रडायला लागली. त्या दिवसातलं ते तिचं पहिलं रडणं. मी तिला सलाईनच्या नळीसकट जवळ घेतलं.

ती शांत झाल्यावर मी उठले.

“कुठं चाललीस?” दिगंबरनं विचारलं.

“डॉक्टरांना सांगायला.”

“अगं पण ती मग—” तो थांबला. तारीख जाईल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्यानं दारातून बाजूला होऊन मला वाट दिली.

डॉक्टर सरदेशमुख ऑपरेशन थिएटरच्या दारात भेटल्या, डोक्याला टोपी, मास्क गळ्यात. मी सांगितलं. बोटभर नाही, तीन चमचे, मोठे. सात वाजता. मी दिलं, मीच खोटं बोलले. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

“साडेदहाला घेतलं असतं ना,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “आणि भुलीत उलटी होऊन फुप्फुसात गेली असती, तर सरांनी नळी कितीही छान बांधली असती तरी उपयोग नव्हता. कळतंय तुम्हाला?”

मी मान हलवली.

“आता एकच्या आत हात लावणार नाही. तिला शेवटी ठेवते. आधीची दोन वेळेत झाली तर. सर संध्याकाळच्या गाडीनं जातात. नाही जमलं तर पुढचा महिना.” त्या वळल्या, पुन्हा थांबल्या. “बरं झालं, सांगितलंत.”

त्यानंतरचे पाच तास मी जन्मात विसरणार नाही. अकरानंतर केतकी पाणी मागायला लागली. आधी हळू, मग हट्टानं, मग ओरडून. एरवी मी तिला फुग्याचं, घरच्या मांजरीचं काहीतरी सांगून भुलवलं असतं. आता सांगत राहिले, “पाणी मिळणार नाही. माझ्या चुकीमुळं तुला जास्त वेळ राहायला लागतंय. चिडायचं असलं तर माझ्यावर चीड.” ती चिडली. दंडावर दोन चापट्याही मारल्या. ओल्या कापसानं ओठ पुसायला सिस्टरनी परवानगी दिली, ते काम दिगंबरनं घेतलं. नेमून दिल्यासारखा तो कापूस भिजवत, पिळत, पुसत बसला. मी उभी राहिले तेव्हा वर न बघताच त्यानं पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

पावणेतीनला ट्रॉली आली. पहिली दोन ऑपरेशनं वेळेत झाली होती. थिएटरच्या दारापर्यंत मी ट्रॉलीचा दांडा धरून चालले. दार उघडताना केतकी म्हणाली, “समोर म्हणजे अगदी समोर. बाजूला नाही.”

“अगदी समोर,” मी म्हणाले.

दिगंबर औषधं आणायला गेला. बाकावर मी आणि आत्या.

“तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं.

“चमचा ओला होता. पोरीच्या ओठाला साखर होती.” त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. “डबा मीच तिथं ठेवून गेले. ठेवायलाच नको होता.”

“मग तुम्ही आपल्या अंगावर का घेतलंत?”

“पोरगी अजून आठ दिवस इथं राहणार. औषधं, सुया, छातीत घालतील ती नळी, सगळं तुझ्या शब्दावर करणार. तुझा शब्द पडला असता, तर कुणाचं ऐकलं असतं तिनं?” मग त्या जरा हसल्या. “माझं काय, माझं तिनं कधी ऐकलंय!”

महिनाभर मी या बाईला माझ्या वाटेतली धोंड समजत होते. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. लग्नाला दहा वर्षं झाली होती, कधी टेकलं नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “पण बोटभर म्हणायला नको होतं मी. खोटंसुद्धा नीट माहिती घेऊन बोलावं माणसानं.” आम्ही दोघी हसलो आणि मग मला रडू आवरेना.

पाचच्या सुमारास सर्जन बाहेर आले. नळी बांधली, सगळं व्यवस्थित आहे, एवढंच म्हणाले आणि घड्याळ बघत गेले. औषधं घेऊन आलेला दिगंबर भिंतीला पाठ लावून खालीच बसला.

अतिदक्षता विभागात एकालाच जाता येत होतं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले, अगदी समोर. सिस्टरनी दोनदा खुर्ची दिली, मी नको म्हटलं. सव्वासातला केतकीनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्यांना आत पाठवलं. दाराच्या काचेतून बघत होते. केतकीच्या कुशीतून छातीतलं पाणी काढायची नळी निघाली होती, ती रडवेली झाली होती, आणि आजीला काहीतरी सांगत होती. आत्यांनी बोलायला तोंड उघडलं, मिटलं. मग वाकून तिच्या कानाशी काही बोलल्या. पाच मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा पदरानं नाक पुसत होत्या.

“काय म्हणाली?”

“दुखतंय म्हणाली. लई दुखतंय.”

“मग?”

“तोंडात आलंच होतं माझ्या, काही नाही होत म्हणून.” त्यांनी पदर नीट खोचला. “मग म्हटलं, दुखणार बाई. आज दुखणार, उद्या पण दुखणार. परवापासनं कमी.”

“मग?”

“बरं म्हणाली. आणि माझं बोट धरून झोपली.”